कडेवर लेकरू, खांद्याला पिशवी: एसटी, रेल्वे आणि रिक्षाने छत्रपती संभाजीनगर

परभणी, हिंगोली, बीड किंवा लातूरकडचे एखादे कुटुंब उन्हाळ्याच्या सुटीत तीन-चार दिवस छत्रपती संभाजीनगर पाहायला निघते, तेव्हा घरात पहिला वाद गाडीवरून होतो. दोन वर्षांचे लेकरू सोबत आहे, भाड्याची जीप केल्याशिवाय गत्यंतर नाही, असे एक बाजू म्हणते. आजी मात्र आपण चार लेकरे एसटीतूनच माहेरी नेली-आणली, याची आठवण करून देते. या वादात आजीचे म्हणणे बरोबर आहे, असे माझे मत आहे, पण त्याला एक अट जोडावी लागते. एसटी, रेल्वे, शहर बस आणि रिक्षा यांच्या भरवशावर एक ते चार वर्षांच्या मुलांना घेऊन हे शहर आणि त्याचा परिसर खुशाल पाहता येतो. मात्र त्या सहलीचे वेळापत्रक प्रेक्षणीय स्थळांच्या यादीवरून नव्हे, तर लेकराच्या झोपेवरून आखावे लागते. एवढे मान्य केले की बाकीच्या बहुतेक अडचणी आटोक्यात येतात, आणि मान्य केले नाही तर थंडगार गाडी करूनही भर दुपारी दौलताबादच्या पायथ्याशी होणारी रडारड चुकत नाही.

निघण्यापूर्वी आठवडाभर मुलाच्या झोपेच्या वेळा कागदावर टिपून ठेवाव्यात. दीड-दोन वर्षांची बहुतेक मुले दिवसातून एकदा, जेवणानंतर, दीड-दोन तास झोपतात. त्याहून लहान मुलांना सकाळीही एक डुलकी लागते. परतीचा बसप्रवास या झोपेच्या वेळेवर आणून बसवला, तर मूल मांडीवर झोपून जाते आणि मोठ्यांनाही उसंत मिळते. चालण्याचा आणि पाहण्याचा भाग मात्र झोपेच्या आधी, मूल ताजेतवाने असताना उरकावा. मराठवाड्यात एप्रिल-मे महिन्यांत पारा ४० अंशांच्या पुढे जातो, त्यामुळे ऊन आणि झोप यांचे गणित येथे आपोआप जुळते. पहाटे उठून साडेसहा-सातच्या सुमारास बस धरावी, अकराच्या आत पाहणे संपवावे, परतताना मुलाला झोपू द्यावे आणि पाच वाजेपर्यंत खोलीबाहेर पडू नये. संध्याकाळी शहरातले जवळचे एखादे ठिकाण पाहावे. दिवसाला एक मोठे आणि एक लहान ठिकाण, याहून अधिक काही ठरवू नये. तीन दिवसांत बारा ठिकाणे करून येणाऱ्यांच्या मोबाइलमध्ये छायाचित्रे अधिक असतात, एवढाच फरक.

मुक्काम मध्यवर्ती बसस्थानकापासून पायी जाण्याच्या अंतरावर करावा. वेरूळ, दौलताबाद आणि अजिंठ्याकडे जाणाऱ्या एसटी गाड्या तेथूनच सुटतात, सिद्धार्थ उद्यान त्याला लागूनच आहे, रेल्वे स्थानक दोन-तीन किलोमीटरवर आहे आणि पाणचक्की व बीबी का मकबरा रिक्षाच्या टप्प्यात येतात. रेल्वे स्थानकाजवळची खोली थोडी स्वस्त मिळाली, तरी रोज सकाळी झोपाळू लेकराला घेऊन आधी रिक्षा आणि मग बस अशी दुहेरी चढउतार करावी लागते, ती टाळलेली बरी. खोली रस्त्याच्या बाजूची न घेता मागच्या बाजूची मागावी, कारण बसस्थानकाच्या परिसरातील हॉर्न पहाटेपासून सुरू होतात आणि त्या आवाजाने मोडलेली झोप दिवसभर वसूल होते.

गावाहून शहरापर्यंत

नांदेड, परभणी किंवा जालन्याहून येणाऱ्यांनी शक्य तोवर रेल्वेच निवडावी. तपोवन एक्स्प्रेस आणि मराठवाडा एक्स्प्रेस यांसारख्या दिवसा धावणाऱ्या गाड्या या मार्गावर आहेत. रेल्वेत मुलाला डब्यात चार पावले चालता येते आणि शौचालय हाताशी असते, आणि दोन वर्षांच्या मुलासाठी या दोन गोष्टी कोणत्याही मऊ आसनापेक्षा मोलाच्या आहेत. पाच वर्षांखालील मुलासाठी स्वतंत्र बर्थ नको असेल, तर तिकीट लागत नाही. पाच ते बारा वर्षांच्या मुलासाठी स्वतंत्र बर्थ घेतला, तर पूर्ण भाडे पडते. आरक्षण प्रवासाच्या ६० दिवस आधी सुरू होते. मे महिन्याची गाडी मार्च सरता सरता पाहून ठेवावी आणि शक्यतो खालचा बर्थ मागावा. दोन बर्थच्या मध्ये लुगड्याची झोळी बांधून नातवंडाला झुलवणाऱ्या आज्या रेल्वेत अजूनही दिसतात. ते दृश्य कितीही लोभस असले, तरी गाडीने अचानक ब्रेक लावला की झोळी समोरच्या कडेवर आदळते, म्हणून त्यापेक्षा भिंतीकडच्या बाजूला दुपट्याची वळकटी लावून मुलाला बर्थवर झोपवावे आणि बाहेरच्या बाजूला स्वतः बसावे. डब्याचे दार ही रेल्वेतील सर्वांत धोक्याची जागा आहे. हात धुण्यासाठी बेसिनकडे नेतानाही मुलाला कडेवरच घ्यावे.

बीड किंवा लातूरकडच्यांसाठी एसटी हाच सरळ मार्ग आहे. तिचे भाडे कुटुंबाला किती कमी पडते, हे हिशेब मांडल्याशिवाय लक्षात येत नाही. एसटीत पाच वर्षांखालील मुलाला तिकीट नसते आणि पाच ते बारा वर्षांपर्यंत अर्धे तिकीट असते. १७ मार्च २०२३ पासून महिलांना प्रवासभाड्यात निम्मी सवलत आहे. ६५ ते ७५ वर्षांच्या ज्येष्ठांनाही निम्मी सवलत मिळते, तर ७५ वर्षांवरील ज्येष्ठांना ऑगस्ट २०२२ पासून मोफत प्रवास आहे. म्हणजे वडील, आई, ६७ वर्षांची आजी आणि दोन वर्षांचे मूल असे चौघे निघाले, तर एक पूर्ण आणि दोन अर्धी, एकूण दोन तिकिटांच्या पैशांत सगळे पोहोचतात. आजीचे आधार कार्ड पेटीच्या तळाशी न ठेवता हाताशी असलेल्या पिशवीत ठेवावे, कारण वाहक ते पाहायला मागतो आणि त्याच वेळी लेकराला पाणी हवे असते.

मोफत प्रवासाला मात्र दुसरी बाजूही आहे. ज्या मुलाला तिकीट नाही, त्याला आसनही नाही, आणि साडेतीन वर्षांचे अंगापिंडाने भरलेले मूल मे महिन्यात चार-पाच तास मांडीवर घेऊन बसणे ही सोपी गोष्ट नव्हे. म्हणून दोन मोठ्यांची आसने शेजारी-शेजारी आरक्षित करावीत आणि मूल आळीपाळीने घ्यावे. ‘आईकडेच राहते’ ही सबब दुसऱ्या तासाला बंद करावी. त्याहून महत्त्वाचे म्हणजे गर्दीचा दिवस टाळावा. शनिवार दुपार आणि सोमवार सकाळ यांची गर्दी सर्वांना ठाऊक असते, पण उन्हाळ्यात खरी गर्दी लग्नतिथीची असते. भिंतीवरची दिनदर्शिका काढून दाट मुहूर्ताचे दिवस पाहावेत आणि त्या दिवशी व त्याच्या आदल्या दिवशी एसटीने लेकरू घेऊन निघू नये. ज्यांनी अशा दिवशी वऱ्हाडात अडकून दारातल्या पायरीपर्यंत भरलेल्या गाडीतून प्रवास केला आहे, त्यांना हे पुन्हा सांगावे लागणार नाही.

बस लागल्यावर

सहलीतले सर्वांत जोखमीचे पाच मिनिटे कोणते असतील, तर बस फलाटाला लागते तेव्हाचे. आपल्याकडे खिडकीतून रुमाल, टोपी किंवा पिशवी टाकून जागा धरण्याची जुनी रीत आहे, आणि कधी कधी रुमालाच्या जागी लेकरूच आत सरकवले जाते. हे कधीही करू नये. गाडी अजून पुरती थांबलेली नसते, खिडकीची काच सरकून बोटावर येते, आणि आत गेलेले मूल तुम्ही दारातल्या गर्दीतून वर येईपर्यंत अनोळखी माणसांत एकटे असते. त्यातच ही गाडी वेरूळची नसून दुसरीकडची आहे, असे वाहकाने सांगितले, तर काय अवस्था होईल, याची कल्पना केलेली पुरे.

त्याऐवजी कामाची वाटणी निघण्याआधीच करावी. एका मोठ्या माणसाने फक्त हलकी पिशवी घेऊन आत जावे आणि जागा धरावी. दुसऱ्याने मूल कडेवर घेऊन फलाटावर, गाडीच्या दारापासून थोडे दूर उभे राहावे आणि गर्दी ओसरल्यावर चढावे. बसस्थानकांवर गाड्या फलाटाला तोंड लावून उभ्या राहतात आणि निघताना मागे येतात. चालकाला मागचे दोन फूट उंचीचे मूल दिसत नाही. म्हणून गाडीच्या मागून कधीही जाऊ नये, मग आपला फलाट दोन गाड्या पलीकडे असला तरी फलाटावरूनच वळसा घ्यावा. स्थानकाच्या आवारात मुलाला हात धरून चालवण्याचा हट्टही ठेवू नये. ते चालायला शिकले आहे, याचे कौतुक घराच्या अंगणात करावे.

सोबत दुसरे मोठे माणूस नसेल, तर पहिली झुंबड चढू द्यावी आणि मग वाहकाला “लहान लेकरू आहे” एवढे सांगावे. आपल्या भागातील एसटीत अशा वेळी कोणीतरी सरकून बसतेच, आणि शेजारची एखादी बाई “द्या इकडं” म्हणत हातही पुढे करते. पिशवी वर ठेवेपर्यंत नजरेसमोर मूल तिच्या मांडीवर द्यायला हरकत नाही. मात्र गाडी चहापाण्यासाठी थांबल्यावर मूल शेजाऱ्याकडे सोपवून स्वतः खाली उतरू नये, मग ओळख कितीही निघालेली असो.

बसण्याची जागा निवडायला मिळाली, तर पुढच्या आणि मागच्या चाकांच्या मधली निवडावी. मागच्या चाकावरची आसने आणि शेवटचा बाक यांना रस्त्यातील प्रत्येक खड्डा दुप्पट जाणवतो. गाडी लागण्याचा त्रास दोन वर्षांखालील मुलांना सहसा होत नाही, पण दोन ते बारा या वयात तो सर्वाधिक असतो. त्यामुळे मागच्या सहलीत ज्याला काही झाले नाही, त्याच मुलाला या वर्षी ओकारी होऊ शकते. अशा मुलाला समोरच्या काचेतून लांबचा रस्ता दिसेल असे धरावे, हातात मोबाइल देऊ नये, निघण्याआधी पोटभर दूध पाजू नये आणि दोन प्लास्टिकच्या पिशव्या व ओला पंचा मांडीजवळच ठेवावा. औषध द्यायचे झाल्यास ते गावातच डॉक्टरांना विचारून घ्यावे. मोठ्यांची गोळी अर्धी करून देण्याचा उद्योग करू नये.

खिडकीचा मोह मुलांना आवरत नाही आणि उन्हाळ्यात खिडकी बंदही ठेवता येत नाही. मूल आसनावर उभे राहू न देता मांडीवर बसवावे, त्याच्या कमरेभोवती हात ठेवावा आणि कोपर खिडकीबाहेर जात नाही याकडे लक्ष ठेवावे, कारण घाटात समोरून येणारी गाडी अगदी घासून जाते. बसल्याबरोबर पायातले बूट काढून पिशवीत टाकावेत. माझ्या पुतणीचा एक बूट खुलताबादच्या वळणावर खिडकीतून गेला, तेव्हापासून आमच्या घरी हा नियम झाला आहे. उरलेला एक बूट ती पुढे दोन दिवस हातात घेऊन फिरत होती.

दूध पाजण्यासाठी एसटीच्या अनेक स्थानकांवर ‘हिरकणी कक्ष’ आहे. तान्ह्या बाळाच्या ओढीने रायगडाचा कडा रात्री उतरून गेलेल्या गवळणीचे नाव या खोलीला दिलेले आहे, आणि हे नाव फार योग्य आहे. कक्षाचे दार बंद दिसले, तरी परत फिरू नये. वाहतूक नियंत्रकाकडे किंवा चौकशी खिडकीवर विचारावे, कारण किल्ली तेथे असू शकते. लंगोट किंवा डायपर बदलायलाही हीच जागा वापरावी. वापरलेला डायपर जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळून कचरापेटी मिळेपर्यंत वेगळ्या पिशवीत ठेवावा. तो खिडकीतून फेकणाऱ्यांविषयी येथे काही लिहीत नाही.

वेरूळचा दिवस

वेरूळ शहरापासून सुमारे ३० किलोमीटरवर आहे आणि लेणी मंगळवारी बंद असतात, हे आधी ध्यानात घ्यावे. अजिंठा सोमवारी बंद असतो. दोन्ही वार एकमेकांत मिसळून भलत्या दिवशी दारापर्यंत जाणारी कुटुंबे दर सुटीत दिसतात, आणि लेकराला घेऊन झालेली अशी फुकट फेरी पूर्ण दिवस खाते.

कन्नड, चाळीसगावकडे जाणाऱ्या एसटी गाड्या वेरूळवरून जातात. चौकशी खिडकीवर केवळ “वेरूळला जाते का” असे न विचारता “वेरूळला थांबते का” असे विचारावे आणि चढताना वाहकाला लेण्यांपाशी उतरायचे आहे, हे सांगून ठेवावे. दौलताबादच्या जुन्या तटबंदीतील अरुंद दरवाजातून हा रस्ता जातो, तेथे सुटीच्या दिवशी वाहनांची कोंडी होते. सकाळी सातची बस आणि नऊची बस यांच्यातील फरक याच ठिकाणी कळतो. लेण्यांच्या प्रवेशाचे तिकीट १५ वर्षांखालील मुलांना लागत नाही.

आत शिरल्यावर समोरच १६ क्रमांकाचे कैलास लेणे आहे. लेकरू सोबत असेल, तर ते आधी पाहावे, आणि तेवढेच पाहून परतावे लागले, तरी वाईट वाटून घेऊ नये. एकूण ३४ लेणी आहेत, त्यांतील ३० ते ३४ ही जैन लेणी कैलासापासून किलोमीटरभराहून दूर आहेत; दोन वर्षांच्या मुलाच्या दृष्टीने हे अंतर म्हणजे परगाव. कैलासाच्या प्रांगणातील दगडी हत्ती मात्र मुलांना फार आवडतात. त्यांच्याभोवती मूल अर्धा तास रमते, आणि तेवढ्या वेळात मोठ्यांनी आळीपाळीने आतले मंडप पाहून यावे. कैलासाच्या माथ्याकडे जाणाऱ्या टेकडीवरच्या वाटेने मुलाला नेऊ नये, कारण खाली खोल कडा आहे. वरून दिसणारे दृश्य पाहायचेच असेल, तर एकाने खाली मुलाजवळ थांबावे. लेण्यांच्या परिसरात माकडे असतात. मुलाच्या हातात केळे किंवा बिस्किटाचा पुडा देऊन चालू नये. माकड खाण्यावर झडप घालते आणि ओरखडा मुलाला बसतो.

येथे बाबागाडी नेण्याचा विचार अनेकांच्या मनात येतो. पायऱ्या, उंबरे, खडबडीत दगड आणि एसटीची उंच पायरी यांमुळे ती दिवसभर उचलूनच फिरवावी लागते, आणि मूल पुन्हा कडेवरच असते. त्यापेक्षा छातीशी मूल बांधता येईल अशी कापडी पट्ट्यांची पिशवी घ्यावी. ती नसेल, तर सुती धोतराची झोळी खांद्यावरून घालण्याची रीत घरातील वडीलधाऱ्यांकडून शिकून घ्यावी. गर्दीत मूल पाठीवर न घेता समोर घ्यावे, म्हणजे त्याच्या हातातील कडे आणि चेहऱ्यावरचे ऊन, दोन्ही दिसतात. खरे म्हणजे कडे, साखळी, वाळे हे दागिने घरी ठेवूनच निघावे.

घृष्णेश्वराचे मंदिर लेण्यांपासून जवळ आहे. रांग लहान असेल, तर दर्शन घ्यावे. सोमवार, श्रावण आणि महाशिवरात्रीच्या सुमारास मुलासह रांगेत उभे राहू नये.

परतीची बस ही या दिवसाची खरी कसोटी आहे. कन्नडकडून येणाऱ्या गाड्या वेरूळला पोहोचेपर्यंत भरलेल्या असतात, आणि साडेअकराच्या उन्हात थांब्यावर अर्धा तास उभे राहिले की मूल झोपेला आणि भुकेला एकाच वेळी येते. अशा वेळी रिक्षा करून चार-पाच किलोमीटरवरच्या खुलताबादला यावे. ते तालुक्याचे गाव आहे, तेथे बसस्थानक आहे आणि शहराकडे जाणारी गाडी तेथे बसून, सावलीत थांबून धरता येते. थांब्यावर काळी-पिवळी जीप लगेच मिळते हे खरे, पण ती भरल्याशिवाय हलत नाही, आणि भरल्यावर तिच्यात मोठ्या माणसालाही श्वास घ्यायला जागा उरत नाही. लेकरू असताना तिच्यात बसू नये, असेच मी म्हणेन. संपूर्ण जीप ठरवून मिळत असेल, तर गोष्ट वेगळी.

वेरूळच्या फेरीत वाटेवरचा दौलताबादचा किल्लाही ‘उरकून घेण्याचा’ मोह होतो. वर जाण्यासाठी सुमारे ७५० पायऱ्या आहेत, वाटेत वटवाघळांचा वास भरलेला काळोखा भुयारी मार्ग आहे, आणि कडेवरचे मूल अंधारात किंचाळू लागले की मागे-पुढे सरकायला जागा नसते. किल्ला पाहायचाच असेल, तर वेगळ्या दिवशी सकाळी जावे, चांदमिनारापर्यंतचा सपाट भाग पाहावा आणि माघारी फिरावे. अजिंठा शहरापासून सुमारे १०० किलोमीटरवर आहे. एसटीने सिल्लोडमार्गे फर्दापूरच्या फाट्यापर्यंत जाऊन, तेथून लेण्यांपर्यंतच्या चार किलोमीटरसाठी एसटीचीच दुसरी बस घ्यावी लागते आणि नंतर पायऱ्या चढाव्या लागतात. तीन वर्षांखालील मुलासह एका दिवसात जाऊन येण्याचे हे ठिकाण नाही. फर्दापूरला मुक्काम करता येत असेल, तरच त्याचा विचार करावा.

शहरात फिरताना

शहरात शेअर रिक्षा जागोजागी मिळतात आणि स्वस्त पडतात, पण त्यांत चालकाच्या शेजारीही प्रवासी बसलेला असतो. मूल असताना थोडे अधिक पैसे देऊन संपूर्ण रिक्षा करावी, बसण्यापूर्वी भाडे ठरवावे आणि मुलाला दोन मोठ्यांच्या मध्ये बसवावे. उतरताना आधी डावीकडचे मोठे माणूस उतरेल, मग मूल, मग दुसरे मोठे माणूस, हा क्रम मोडू नये.

स्मार्ट सिटीच्या शहर बसने एखादी फेरी मुद्दाम करावी. सकाळी कार्यालये आणि महाविद्यालये सुरू होण्याच्या वेळेची आणि संध्याकाळची गर्दी टाळली, तर बसमध्ये खिडकीची जागा मिळते. दोन वर्षांच्या मुलाला मकबऱ्याचा संगमरवर आणि बाजूचा चुन्याचा गिलावा यांतील फरकाशी काही देणेघेणे नसते. त्याला घंटी, दार आणि लाल दिवा हवा असतो. माझ्या अनुभवाप्रमाणे मुले घरी गेल्यावर बसचीच गोष्ट सांगतात. पाणचक्की हे मात्र या वयासाठी नेमके ठिकाण आहे. १७४४ च्या सुमाराची ही रचना आहे, दूरच्या झऱ्याचे पाणी मातीच्या नळांतून येथे आणलेले आहे, उंचावरून पडणारी पाण्याची चादर आहे आणि हौदात मासे आहेत. हौदाच्या काठाशी मुलाचा हात क्षणभरही सोडू नये.

खाण्यापिण्याविषयी थोडेसेच लिहितो, कारण आपल्याकडच्या आज्यांना ते अधिक चांगले कळते. दुधात भिजवलेल्या पिठाच्या दशम्या प्रवासात दुसऱ्या दिवशीही मऊ राहतात आणि लहान मुलांना दाताने तोडता येतात. धपाटे मुलांसाठी बिनतिखटाचे वेगळे करावेत. केळी आणि राजगिऱ्याचा लाडू हाताशी असू द्यावा. बसस्थानकावर मिळणारे फुटाणे आणि खारे शेंगदाणे मात्र चार वर्षांखालील मुलाला धावत्या गाडीत मुळीच देऊ नयेत. धक्का बसला की दाणा श्वासनलिकेत जाण्याचा धोका असतो. उकळून गार केलेले पाणी घरून न्यावे आणि उसाच्या रसातला बर्फ टाळावा. जुलाब किंवा उलट्या सुरू झाल्या, तर जलसंजीवनी पाकिटावर लिहिलेल्या पाण्याच्या प्रमाणातच कालवावी; घट्ट केली म्हणून ती अधिक गुणकारी होत नाही. मूल मलूल झाले, लघवी कमी झाली किंवा रडताना डोळ्यांत पाणी येईनासे झाले, तर पुढचे सगळे बेत सोडून डॉक्टर गाठावा.

मूल हरवण्याचा विचार कोणालाच नको वाटतो, पण तयारीला दोन मिनिटे लागतात. दररोज सकाळी निघताना त्या दिवशीच्या कपड्यांत मुलाचे एक छायाचित्र मोबाइलमध्ये काढावे, कारण घाबरलेल्या आईला शर्टाचा रंग आठवत नाही. पालकांचा मोबाइल क्रमांक लिहिलेली चिठ्ठी खिशात आतल्या बाजूने टाचावी. मुलाचे नाव बाहेरून दिसेल असे लिहू नये, कारण नावाने हाक मारणाऱ्यावर मूल चटकन विश्वास ठेवते. चुकामूक झालीच, तर एकाने शेवटच्या जागेवरून हलू नये आणि दुसऱ्याने लगेच चौकशी खिडकीवर जाऊन ध्वनिक्षेपकावरून सांगायला लावावे. पोलिसांसाठी ११२, मुलांच्या मदतीसाठी १०९८ आणि रेल्वेत १३९ हे क्रमांक आजी-आजोबांच्या मोबाइलमध्येही साठवून ठेवावेत.

परतीच्या दिवशी काहीही पाहायचे शिल्लक ठेवू नये. सिद्धार्थ उद्यान उघडण्याची वेळ आदल्या दिवशीच पाहून घ्यावी, सामान बांधून ठेवावे आणि मुलाला तासभर तेथे मनसोक्त पळू द्यावे. नंतर त्याचे हातपाय धुऊन, कपडे बदलून, थोडे खाऊ घालून शेजारच्या बसस्थानकावर यावे. परभणीकडची गाडी जालना रस्त्याला लागेपर्यंत ते झोपलेले असते, आणि त्याचे बूट पिशवीत असतात.